गंज मोजण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात ठरवून येणारे फार थोडे. कोणी रसायनशास्त्र शिकून प्रयोगशाळेतली नोकरी शोधताना इकडे वळतो, कोणी मेकॅनिकलचा असतो आणि इन्स्पेक्शन विभाग त्याच्या गळ्यात पडतो, कोणी इन्स्ट्रुमेंटेशनचा असतो आणि कॅलिब्रेशन करता करता इथेच रमतो. मी रसायनशास्त्राकडून आलो. नेर्न्स्टचं समीकरण पाठ होतं, पण चालू प्लांटमधल्या पाइपच्या आत काय चाललंय हे पाइप न कापता कसं कळणार, असं कॉलेजात कोणी विचारलं नव्हतं. आमचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरतं.

नवीन मुलं रुजू झाली की उपकरणांची नावं आणि त्यांची मोजमापाची रेंज पाठ करायला बसतात. त्यापेक्षा प्रत्येक उपकरणाला काय दिसत नाही हे आधी शिका. आधीच्याला जे दिसत नव्हतं ते दिसावं म्हणूनच पुढचं उपकरण जन्माला आलेलं असतं, त्यामुळे या वाटेने गेलात तर सगळे शोध आपोआप क्रमाने लक्षात राहतात.

सुरुवात कूपनपासून करा. ज्या धातूचा पाइप, त्याच धातूची वजन केलेली पट्टी प्रवाहात सोडायची, दोन-तीन महिन्यांनी काढायची, साफ करून पुन्हा वजन करायचं. गणित हातानेच करा. घटलेलं वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला 87,600 ने गुणा आणि क्षेत्रफळ (चौरस सेंटीमीटर), तास आणि घनता यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर मिलिमीटर प्रतिवर्ष येतं. 87,600 म्हणजे वर्षाचे 8,760 तास गुणिले सेंटीमीटरचे 10 मिलिमीटर, बस्स. 25 चौरस सेंटीमीटरच्या पोलादी पट्टीचं वजन 60 दिवसांत 0.2 ग्रॅम घटलं, तर दर 0.06 च्या आसपास निघतो. एक गोष्ट मात्र सांभाळा. गंज उतरवायला वापरतो ते आम्ल थोडा चांगला धातूही खातं. म्हणून एक न वापरलेली पट्टी तशीच धुऊन तिची घट वजा करायची असते. हे टाळणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे रिपोर्ट दिसायला सुंदर असतात.

कूपनला वेळ दिसत नाही. साठ दिवसांची सरासरी हातात येते, पण इनहिबिटरचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रसायनाचा, पंप दोन दिवस बंद पडला आणि सगळं नुकसान त्या दोन दिवसांतच झालं, हे त्यातून कधीच कळत नाही. शिवाय बातमी येते तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

त्यावरचा तोडगा म्हणजे इलेक्ट्रिकल रेझिस्टन्स प्रोब, ज्याला सगळे ईआर म्हणतात. प्रोबमधली तार किंवा पातळ पत्रा, म्हणजे एलिमेंट, झिजला की त्याचा विद्युतरोध वाढतो, एवढंच तत्त्व. गंमत तापमानात आहे. पोलादाचा रोध एका अंशाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास बदलतो. 0.25 मिलिमीटर जाडीचा एलिमेंट असेल आणि दिवस-रात्रीत दहा अंशांचा फरक पडला, तर नुसत्या तापमानामुळे जवळपास 12 मायक्रॉन झीज झाल्यासारखं दिसेल. वर्षाला 0.1 मिलिमीटर दराने एवढी झीज व्हायला खरं तर महिन्याहून जास्त काळ लागतो. म्हणून प्रोबच्या आतच त्याच धातूचा दुसरा, झाकलेला एलिमेंट ठेवतात आणि दोघांच्या रोधाचं गुणोत्तर घेतात. तरी तापमान एकदम उडालं की झाकलेला एलिमेंट थोडा मागे राहतो आणि आलेखावर खोटं शिखर उमटतं. शिखर दिसलं की आधी तापमानाचा ट्रेंड उघडा, मगच कोणाला फोन करा. ईआरची मोठी सोय अशी की तो वायूत, तेलात, कुठेही चालतो, पाणी असलंच पाहिजे असं नाही. मात्र त्यालाही थोडा धीर लागतोच. झीज मोजता येईल इतकी साचेपर्यंत तो काही बोलत नाही.

थांबायचंच नसेल तर इलेक्ट्रोकेमिस्ट्रीकडे जावं लागतं आणि इथे माझ्यासारख्याला घरी आल्यासारखं वाटतं. गंजणं म्हणजे शेवटी विद्युतप्रवाह. लोखंडाच्या एका चौरस सेंटीमीटरमधून एक मायक्रोअँपिअर सतत जात राहिला, तर वर्षाला 11.6 मायक्रॉन धातू जातो. हा आकडा फॅराडेच्या नियमातून एकदा स्वतः काढा, मग तो जन्मभर विसरणार नाही. अडचण अशी की हा प्रवाह धातूच्या पृष्ठभागावरच निघतो आणि तिथेच संपतो, त्यामुळे बाहेरून मीटर जोडून तो वाचता येत नाही. 1957 मध्ये स्टर्न आणि गेअरी यांनी यातून वाट काढली. धातूचं विभव त्याच्या नैसर्गिक पातळीपासून फक्त 10 मिलिव्होल्ट इकडेतिकडे हलवायचं आणि किती प्रवाह वाहतो ते पाहायचं. विभवातल्या बदलाला त्या प्रवाहाने भागलं की येतो तो पोलरायझेशन रेझिस्टन्स, आणि एका स्थिरांकाला त्याने भागलं की गंजाचा प्रवाह मिळतो. उपकरणात तो स्थिरांक बहुधा 26 मिलिव्होल्ट धरलेला असतो. हा काही निसर्गाचा कायदा नव्हे. दोन्ही टाफेल उतार, म्हणजे प्रवाह दहापट व्हायला विभव किती हलवावं लागतं ते आकडे, 120 मिलिव्होल्ट मानले की तो आकडा येतो, एवढंच. तुमच्या पाण्यात ते उतार वेगळे असतील तर उत्तर दुप्पट किंवा निम्मं असू शकतं. म्हणून या प्रोबच्या आकड्यापेक्षा त्याच्या चढउतारावर मी जास्त विश्वास ठेवतो.

या पद्धतीला, म्हणजे लिनियर पोलरायझेशन रेझिस्टन्स किंवा एलपीआरला, काय दिसत नाही? एक तर पाणी सलग आणि विद्युतवाहक हवं. तेलात ती मुकी. दुसरं जास्त धोक्याचं. पाण्यात क्षार कमी असले की द्रावणाचा स्वतःचा रोध मोजलेल्या रोधात मिसळतो, एकूण रोध मोठा दिसतो आणि गंजाचा दर कमी येतो. चूक नेमकी आपल्याला बरं वाटेल त्या बाजूला होते. असा आकडा कोणी तपासायला जात नाही. म्हणून चांगल्या उपकरणांत उच्च वारंवारतेचा एसी सिग्नल देऊन द्रावणाचा रोध वेगळा काढतात, आणि हीच कल्पना अनेक वारंवारतांवर ताणली की इम्पिडन्स स्पेक्ट्रोस्कोपी होते. गंधकयुक्त पाण्यात उलटा प्रकार होतो. आयर्न सल्फाइडचा थर वीज वाहतो, तो दोन इलेक्ट्रोडमध्ये साचला की पूल बांधला जातो आणि दर अवास्तव चढतो.

सगळ्यात मोठा दोष मात्र असा की एलपीआर सरासरी सांगतो, आणि पाइप फुटतो तो खड्ड्यातून. बाकीचा पृष्ठभाग चकचकीत असला तरी एक पिट आरपार गेला की खेळ संपला. इथून पुढचे शोध मला सर्वांत हुशार वाटतात. इलेक्ट्रोकेमिकल नॉइजमध्ये बाहेरून काहीच ढकलायचं नसतं. सारखे दोन इलेक्ट्रोड झिरो रेझिस्टन्स अँमीटरने जोडायचे आणि त्यांच्यातला प्रवाह कसा थरथरतो ते ऐकत बसायचं. पिट उगवायला लागला की प्रवाह झटक्यात उसळतो आणि हळूहळू ओसरतो. 1968 मध्ये आयव्हर्सन यांनी गंजणाऱ्या धातूंच्या विभवातले असे चढउतार नोंदवले आणि तेव्हापासून त्यांचा अर्थ लावण्यावर वाद चालूच आहेत. प्लांटमध्ये शेजारची मोटर आणि वेल्डिंग मशीनही त्याच तारांत बोलत असतात, त्यामुळे शिल्डिंग आणि अर्थिंग कळणारा माणूस इथे फार उपयोगी पडतो. मल्टिइलेक्ट्रोड अ‍ॅरे त्याहून सरळ आहे. एक मोठा इलेक्ट्रोड घेण्याऐवजी अनेक बारीक तारा एकमेकींपासून अलग बसवायच्या, बाहेरून सगळ्या जोडायच्या आणि प्रत्येकीचा प्रवाह स्वतंत्र मोजायचा. जी तार सर्वांत जास्त विरघळतेय, ती तुमचा सर्वांत वाईट खड्डा. ज्या प्रवाहाला बाहेरून हात लावता येत नव्हता तो असा तारेतून बाहेर काढला, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी खूश होऊन गेलो होतो.

आता हे सगळं येत असलं तरी प्रोब चुकीच्या जागी असेल तर उपयोग शून्य. अलास्कातल्या प्रुडो बे इथे मार्च 2006 मध्ये तेलाच्या पाइपलाइनला छोटंसं भोक पडून सुमारे दोन लाख गॅलन तेल सांडलं. प्रवाह मंद, तळाला गाळ साचलेला आणि साफसफाईचा पिग, म्हणजे पाइपच्या आतून ढकलत नेतात तो घासणारा बोळा, त्या लाइनमधून वर्षानुवर्षं फिरलेला नव्हता. गाळाखाली सूक्ष्मजीवांना निवांत राहता येतं आणि इनहिबिटर तिथवर पोचत नाही. पाइपच्या माथ्यावरून मधोमध लोंबणाऱ्या प्रोबला असलं काही कधीच कळणार नाही. आडव्या लाइनमध्ये पाणी तळाशी असतं, तेव्हा इलेक्ट्रोडही तळाशी समतल बसलेले हवेत. ड्रॉइंग हातात आलं की मी सगळ्यात आधी हेच पाहतो.

अभ्यासासाठी पाठ्यपुस्तकांइतकेच पेटंट वाचा. एस्पेसनेट आणि गुगल पेटंट्सवर फुकट मिळतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जी01एन 17/02 हा गट इलेक्ट्रोकेमिकल मोजणीचा आणि 17/04 गंजाच्या प्रोबचा; या दोन क्रमांकांनी शोधलंत तर नको ते फार थोडं येतं. भाषा रुक्ष असते, पण सुरुवातीच्या पार्श्वभूमीच्या भागात प्रत्येक संशोधक आधीच्या उपकरणांबद्दल मनापासून कुरकुरतो आणि आपल्याला हवी ती माहिती तिथेच असते. मग आकृत्या पाहा, शेवटी दावे. दाव्यात लिहिलंय म्हणजे ते प्लांटमध्ये टिकतं असं मुळीच नाही. पेटंट नवेपणावर मिळतं.

सर्टिफिकेटबद्दल सारखं विचारतात. गंज आणि संरक्षक लेपांच्या क्षेत्रातल्या पूर्वीच्या नेस (NACE) आणि एसएसपीसी (SSPC) या संस्था 2021 मध्ये एकत्र येऊन अ‍ॅम्प (AMPP) ही संस्था झाली. तिचे कोर्स कंपन्या मानतात, पण खर्चीक आहेत, तेव्हा नोकरी लागल्यावर कंपनीच्या पैशाने करा. त्याआधी एसी सर्किटचं गणित आणि थोडं पायथन पक्कं करा. प्रत्यक्ष साइटवर गेलात तर दाबाखालच्या लाइनमधून प्रोब काढायचं काम प्रशिक्षित टोळीवर सोडा आणि प्रोबच्या सरळ रेषेत उभे राहू नका. याला अपवाद नाही.

मुलाखतीत मी एक प्रश्न नेहमी विचारतो. एकाच लाइनवर कूपन 0.05 म्हणतंय आणि एलपीआर 0.3, तर कोणाचं खरं? बहुतेक जण एक बाजू घेऊन जोरात लढतात. दोन्ही कधी बसवली, कुठल्या उंचीवर, इलेक्ट्रोड शेवटचे कधी साफ केले, पाण्यात गंधक आहे का, असं मलाच उलट विचारायला लागणारा उमेदवार असेल तर मी खुर्ची थोडी पुढे ओढतो.