स्वस्त तयार पीसीचं ओव्हरक्लॉकिंग: सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे पीसीचा भाग कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. दुकानातून तयार आणलेला स्वस्त डेस्कटॉप असेल, तर प्रोसेसरमागे लागण्याआधी सीपीयू-झेड (पीसीतल्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून दोन नावं वाचा: प्रोसेसरचं आणि चिपसेटचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात आकड्यानंतर ‘के’ नसेल (उदाहरणार्थ आय५-१०४००), तर त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, सहसा कंपनीनेच बंद केलेला असतो. एच४१० किंवा एच६१० चिपसेटवर ‘के’ प्रोसेसर बसवला तरी त्याचा मल्टिप्लायर वाढवता येत नाही. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरचा मल्टिप्लायर खुला असतो, पण ए३२० आणि ए५२० चिपसेट त्याला हात लावू देत नाहीत. हे कुलूप कुठलंही सॉफ्टवेअर उघडत नाही, म्हणून त्यावर संध्याकाळ घालवू नका.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर मात्र खरंच काही हाती लागतं. २०१९ साली आलेलं जीटीएक्स १६५० अशा पीसींमध्ये बरंच दिसतं, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

आधी पीसी बंद करा, प्लग काढा, झाकण उघडा आणि धूळ साफ करा. पंख्याची पाती बोटाने धरून मगच हवा मारा. ही पायरी गाळू नका. तापलेलं कार्ड स्वतःच वेग कमी करतं.

आता एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. त्याच्या नावाने बनावट साइटवरून मालवेअर पसरवलं गेलं आहे. सोबत युनिजिन हेवन लावा; ते कार्डावर ताण टाकून त्याची चाचणी घेतं. काही न बदलता ते १५ मिनिटं चालू ठेवा, मग एफ९ दाबून बेंचमार्क, म्हणजे गुण देणारी चाचणी, घ्या. गुण आणि कमाल तापमान कागदावर लिहा. तापमान ८० अंशांच्या पुढे जात असेल तर इथेच थांबा आणि आधी हवा खेळती करा.

मग आफ्टरबर्नरमध्ये ‘कोअर क्लॉक’ (ग्राफिक्स चिपचा वेग) २५ मेगाहर्ट्झने वाढवा, बरोबरची खूण दाबा, हेवन १० मिनिटं चालवा. पुन्हा २५. पडद्यावर रंगीत ठिपके, चमकणारे त्रिकोण दिसले किंवा ड्रायव्हर कोसळला, तर ५० मेगाहर्ट्झ मागे या. कोअर आणि मेमरी हे दोन्ही आकडे एकदम कधीच वाढवू नका. बिघडलं तर कशामुळे ते कळत नाही.

कोअर ठरल्यावर ‘मेमरी क्लॉक’ (कार्डावरच्या मेमरीचा वेग) १०० मेगाहर्ट्झच्या टप्प्याने वाढवा. इथे एक फसगत आहे. मेमरी जास्त ताणली की चुका होतात, आणि कार्ड त्या पकडून डेटा पुन्हा पाठवतं. पडदा स्वच्छ दिसतो, पण गुण घसरतात. म्हणून प्रत्येक टप्प्याला बेंचमार्क घ्याच, आणि गुण वाढायचे थांबले की एक टप्पा मागे या.

व्होल्टेजला हात लावू नका. साधं १६५० आपली ७५ वॅट वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच घेतं, त्यामुळे ‘पॉवर लिमिट’ (कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा) बहुधा १०० टक्क्यांच्या पुढे सरकतच नाही. तयार पीसीतल्या छोट्या पॉवर सप्लायचा विचार करता ते बरंच आहे.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा एकच स्लॉट भरलेला दिसला, तर जोडीला तशीच दुसरी रॅम बसवा. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना त्याने कुठल्याही स्लायडरपेक्षा जास्त फायदा होतो.

विंडोज सुरू होताच सेटिंग लागू करणारं आफ्टरबर्नरमधलं बटण आठवडाभर नेहमीचे गेम नीट चालल्यावरच दाबा. जानेवारीत ठरवलेले आकडे विदर्भातल्या मे महिन्यात टिकतीलच असं नाही, तेव्हा उन्हाळा लागला की हेवन पुन्हा चालवून पाहा.