गरोदरपणातली हार्मोन्स: लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बांबोळीच्या मेडिकल कॉलेजातून किंवा ताळगावच्या विद्यापीठातून शिकून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आलात, की गरोदर बायकांची सॅम्पल्स रोज हातात येतात. पुस्तकात हार्मोन्स ग्रंथींच्या क्रमाने असतात. इथे तो क्रम बाजूला ठेवा आणि प्रत्येक हार्मोनला तीन प्रश्न विचारा: ते बनवतं कोण, वार (प्लॅसेंटा) ओलांडून जातं का, आणि आठवडा कितवा? मला हा विषय खरा कळला तो असं विचारायला लागल्यावरच.

एचसीजी, म्हणजे गरोदरपणाच्या चाचणीत शोधतात ते हार्मोन, वारेच्या पेशी बनवतात. सुरुवातीला ते अंडाशयातल्या कॉर्पस ल्युटियमला (बीज सुटल्यावर मागे उरणाऱ्या पिवळ्या गाठीला) जगवतं, म्हणून गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन टिकतं. पुढे सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास हे काम वार स्वतःच उचलते. एचसीजीची अल्फा साखळी टीएसएचसारखीच असते; टीएसएच म्हणजे थायरॉइडला चेतवणारं पिट्युटरीचं हार्मोन. त्यामुळे ते थायरॉइडलाही थोडं चेतवतं आणि पहिल्या तिमाहीत टीएसएच उतरतं. डिचोलीहून आलेल्या एका पहिलटकरणीच्या रिपोर्टवर टीएसएचपुढे ‘कमी’ छापलं होतं. सासूबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, “बाय, सुनेला काय गो झालं?” निदान सांगणं डॉक्टरांचं काम, पण रिपोर्टवर त्या तिमाहीची मर्यादा छापली जाणं आपलं. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख नसेल, तर रक्त घेतानाच विचारा.

सगळ्यात जास्त वेळ इन्सुलिनला द्या. आईची साखर वार ओलांडते, आईचं इन्सुलिन नाही. आईची साखर वाढली की बाळाकडे जास्त साखर जाते आणि बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन वाढवतं. पोटातल्या बाळासाठी इन्सुलिन हे वाढीचंच हार्मोन: चरबी साठते, खांदे रुंदावतात, वजन वाढतं. डेन्मार्कच्या पेडरसन यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर मांडलेली ही कल्पना आजही पाया मानली जाते. आता नाळ कापल्याचा क्षण डोळ्यांसमोर आणा. साखरेचा पुरवठा तिथेच तुटतो, इन्सुलिन मात्र चढलेलंच असतं, आणि बाळाची साखर झपाट्याने खाली येते. मधुमेही आईच्या बाळाच्या टाचेतून रक्त घेतात ते यासाठीच. प्रसूतिगृहातून असं सॅम्पल आलं की बाकीचं काम थांबवा. ट्यूबमध्ये ठेवलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात, उशीर केलात तर आकडा खोटा पडतो.

वाढीच्या घटकांत आयजीएफ-१ आणि आयजीएफ-२ (इन्सुलिनसारखे वाढीचे घटक) आधी वाचा, मग वारेचा प्लॅसेंटल ग्रोथ फॅक्टर. प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजारात, हा शेवटचा कमी होतो आणि त्याला अडवणारं एसएफएलटी-१ हे प्रथिन वाढतं, म्हणून दोघांचं गुणोत्तर पाहतात. एस्ट्रिऑल हे गरोदरपणातलं एस्ट्रोजेन तर मला फार सुंदर वाटतं. त्याचा कच्चा माल बाळाची अ‍ॅड्रिनल आणि यकृत तयार करतात, शेवटची पायरी वार पुरी करते. दोघांपैकी कुणालाही ते एकट्याने जमत नाही.

एक तांत्रिक गोष्ट मात्र पक्की करून घ्या. द्राक्षगर्भात (वारेची ऊती द्राक्षांच्या घोसासारखी बेसुमार वाढते तेव्हा) एचसीजी लाखांच्या घरात जातं, आणि हार्मोनला दोन बाजूंनी पकडणाऱ्या दोन अँटीबॉडींच्या चाचणीत इतकं एचसीजी असलं तर आकडा उलट कमी दिसू शकतो. सोनोग्राफी एक सांगते आणि मशीन दुसरंच, असं झालं तर सॅम्पल पातळ करून पुन्हा लावा आणि रिपोर्ट सोडण्याआधी डॉक्टरांना फोन करा.