फातोर्ड्याला सामना पाहायला जाताना

मडगावला लागून असलेल्या फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर फुटबॉल पाहण्यासाठी महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी तिकिटाच्याही आधी परतीचा विचार करावा. एफसी गोवा या येथील व्यावसायिक फुटबॉल संघाचे घरचे सामने बहुधा संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन साडेनऊच्या सुमारास संपतात आणि मुंबईची कोकणकन्या एक्सप्रेस त्याआधीच मडगावहून सुटलेली असते. त्यामुळे रात्रीचा मुक्काम धरूनच बेत आखावा. जातानाही रात्रभराचा प्रवास करून सकाळी पोहोचवणारी कोकणकन्याच बरी. मांडवी एक्सप्रेस संध्याकाळी पोहोचते, आणि तिला थोडा जरी उशीर झाला तरी सामन्याचा पूर्वार्ध हुकतो. पावसाळी वेळापत्रक लागू असताना गाड्यांना आणखी वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

रेल्वे स्थानकापासून रिक्षा मिळते. एकटे असाल तर ‘पायलट’ घ्यावा, म्हणजे पुढचे मडगार्ड पिवळे असलेली भाड्याची मोटरसायकल. भाडे मात्र बसण्यापूर्वीच ठरवावे. पणजीहून येणाऱ्यांना कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, वाटेत न थांबणारी शटल बस सोयीची, कारण मडगावचे कदंब बसस्थानक स्टेडियमपासून चालत जाण्याइतके जवळ आहे. सामना सुटेपर्यंत शटल बंद झालेली असते, म्हणून पणजीला परतणाऱ्यांनी टॅक्सी आधीच ठरवून ठेवावी.

स्टेडियमची क्षमता सुमारे १९,००० आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या मैदानावर आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेट सामनेही झाले आहेत. तिकीट घेताना खालच्या रांगांचा मोह टाळून वरच्या मजल्यावर बसावे, असे माझे ठाम मत आहे. खालून चेंडू जवळ दिसतो खरा, परंतु बचावफळी कधी पुढे सरकते आणि मैदानाच्या कडेने चढाई करणारा विंगर कोणती मोकळी जागा हेरतो, हे वरूनच उलगडते, आणि फुटबॉलची खरी गोडी त्यातच आहे. लवकर सुरू होणाऱ्या सामन्याला पूर्वेच्या स्टँडमध्ये मावळतीचे ऊन डोळ्यांवर येते. तेव्हा पश्चिमेचा स्टँड निवडावा.

फाटकावरील तपासणीत पाण्याची बाटली, लायटर, पॉवर बँक आणि हेल्मेट सहसा अडवले जाते. भाड्याच्या स्कूटरवरून येणाऱ्यांनी हेल्मेट डिकीत ठेवावे किंवा गाडीलाच कुलूपबंद करावे. सामना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी रांगा वाढतात, म्हणून तासभर आधी पोहोचावे. भरपेट जेवण मात्र सामन्यानंतर मडगावातल्या गाड्यावर करावे: रोस ऑम्लेट मागवले की ऑम्लेटवर कोंबडीचा गरम, मसालेदार रस्सा ओततात, वर बारीक चिरलेला कांदा पेरतात आणि सोबत पाव देतात.

शेवटचे मिनिट होईपर्यंत जागा सोडू नये. २०१५ च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात याच मैदानावर गोव्याने अगदी अखेरीस २-१ अशी आघाडी घेतली होती, आणि तरीही चेन्नईयनने तो सामना ३-२ असा जिंकला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात इराणने जर्मनीला ४-० असे हरवले, तेही येथेच. गर्दीची चिंता वाटत असल्यास शिट्टी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे जागेवरच बसून राहावे. तोवर फाटके मोकळी होतात आणि बाहेर रिक्षाही मिळते.