वुडस्टॉकचा हेंड्रिक्स ऐकायचा कसा

वुडस्टॉक या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवातलं गिटारवादक हेंड्रिक्सचं रेकॉर्डिंग लावलंत, की थेट राष्ट्रगीतावर उडी मारू नका. १८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ. निम्म्याहून जास्त लोक घरी गेलेले. जिमी हेंड्रिक्स मध्येमध्ये थांबून गिटार जुळवतो, तेही पुढे ढकलू नका. मोबाईलचा स्पीकर नको, हेडफोन घ्या. आधी फक्त मिच मिचेलचे ड्रम्स धरा. काँगा, म्हणजे हातानं वाजवायचे उंच ढोल, जेमतेम ऐकू येतात. त्यांचा नाद सोडा.

मग अमेरिकेचं राष्ट्रगीत. चाल ओळखीची, आणि मध्येच ती फाटते: बॉम्ब पडावेत तसा फीडबॅक (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणारा कल्लोळ), त्यातच लष्करी अंत्यविधीच्या बिगुलाचे सूर. व्हिएतनाम युद्ध चालू होतं! स्टुडिओत हे सगळं घासूनपुसून टाकलं असतं, म्हणून मला हेच रेकॉर्डिंग लागतं. आवाज वाढवा, पण दाराची बेल ऐकू येईल इतपतच.