पेट्रॉफ खेळताय? पाचव्या चालीतली ही चूक टाळा

१९८८ सालची स्वित्झर्लंडमधली बीलची बुद्धिबळ स्पर्धा. त्याच वर्षी ग्रँडमास्टर झालेला विश्वनाथन आनंद कोलंबियाच्या अलोन्सो झपाटासमोर काळी मोहरी घेऊन पेट्रॉफ, म्हणजे दुसऱ्या चालीला घोडा एफ६ वर आणणारा बचाव, खेळला आणि पांढऱ्याची सहावी चाल पाहून त्यानं डाव सोडला. शिकायला येणाऱ्या मुलांना मी हा डाव आवर्जून दाखवते, कारण ती चूक दिसायला चुकीसारखी दिसतच नाही.

ई४ ई५, घोडा एफ३, घोडा एफ६ (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). पांढऱ्यानं ई५ चं प्यादं मारलं, काळ्यानं डी६ केलं, घोडा परत एफ३ वर गेला, काळ्याच्या घोड्यानं ई४ मारलं. मग पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३. इथं आनंदनं उंट एफ५ वर आणला. मोहरा बाहेर आला, घोड्याला जोरही मिळाला! वर्षभर आधी सॅन फ्रान्सिस्कोत इंग्लंडच्या ग्रँडमास्टर माइल्सविरुद्ध अमेरिकेचा ग्रँडमास्टर क्रिस्तियानसन हेच खेळला होता; माइल्सनं घोड्यानं घोडा मारला आणि डाव बरोबरीत सुटला.

झपाटानं मात्र वजीर ई२ वर ठेवला. ई फाइलवर, म्हणजे ई च्या उभ्या रांगेत, आता एकही प्यादं नाही, काळा राजा अजून ई८ वरच. म्हणजे घोडा हललाच तर राजाला शह, म्हणून तो हलूच शकत नाही. पुढे डी३ आलं की गेला. डी५ करून जोर वाढवला तरी डी३ आहेच. वजीर ई७ वर मधे घातला तर पांढरा घोडा डी५ वर उडी घेतो, वजिराला पळावं लागतं, आणि मग पुन्हा डी३.

उपाय सोपा आहे: उंटाला हात लावण्याआधी सी३ चा घोडा मारून मोकळं व्हा.

नवख्यांची चूक याच्याही आधी होते. तिसऱ्याच चालीला, डी६ न करता, ते ई४ चं प्यादं मारतात. पांढरा वजीर ई२ वर येतो, घोडा घाईनं एफ६ वर परततो आणि पांढरा घोडा सी६ वर जाऊन उठता शह देतो, म्हणजे तो बाजूला होताच मागच्या वजिराचा शह बसतो. राजा वाचतो, डी८ चा वजीर जातो. हे मी दर वर्गात पाहते. मुलाचा हात घोड्यावरून निघतो आणि मगच नजर ई फाइलवर जाते.

डी६ नंतरच्या पाचव्या चालीला पांढऱ्यानं घोडा सी३ ऐवजी थेट वजीर ई२ केला, तर मात्र घाबरू नका. तिथं वजीर ई७ हीच बरोबर चाल, कारण डी५ वर उडी घेणारा घोडा अजून बी१ वरच उभा आहे.