ब्लेकच्या ‘जोसेफ’मधली प्रतीकं कशी वाचावीत

इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकचं ‘जोसेफ ऑफ अ‍ॅरिमथिया अमंग द रॉक्स ऑफ अ‍ॅल्बियन’ हे साधारण २५ सेंमी उंचीचं मुद्राचित्र. समुद्रकाठच्या खडकांत दाढीवाला, टोपी घातलेला माणूस हाताची घडी घालून, मान खाली घालून उभा आहे. प्रतीकं शोधण्याआधी समोरची प्रत कुठल्या अवस्थेतली, म्हणजे कोरीवकामाच्या कुठल्या टप्प्यावर छापलेली आहे, ते ठरवा. तांब्याच्या एकाच पत्र्यावरून दोन निराळी चित्रं निघाली आहेत.

पहिली अवस्था १७७३ची. पंधरा-सोळा वर्षांचा ब्लेक तेव्हा जेम्स बझायर या खोदकाराकडे उमेदवारी करत होता. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्यूझियममधल्या प्रतीवर त्याने पुढे हाताने नोंद केली आहे: नवशिका असताना, साल्व्हियाती या इटालियन चित्रकाराने मायकेलएंजेलोवरून केलेल्या रेखाटनावरून कोरलं. ती मूळ आकृती व्हॅटिकनमध्ये, पाओलिना चॅपेलमधल्या संत पीटरच्या क्रूसवधाच्या भित्तिचित्रात खाली उजवीकडे आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पोशाख आणि हाताची घडी उसनी. खडक आणि समुद्र ब्लेकचे. म्हणून अर्थाचा शोध खडकांपासून सुरू करा.

दुसरी अवस्था १८१० ते १८२०च्या दरम्यानची. सावल्या गडद झाल्या आणि खाली मजकूर आला. सगळी गोम या मजकुरात आहे. मध्ययुगीन दंतकथेतला जोसेफ, म्हणजे येशूला आपली कबर देणारा, ब्रिटनला येऊन इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीत पहिलं चर्च बांधतो. ब्लेक त्याला कॅथीड्रलं बांधणाऱ्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन, कलावंतांपैकी एक म्हणतो. धर्म घेऊन आलेला माणूस इथे कलावंत होतो, आणि चित्रातला एकटेपणा कलावंताचा होतो. दंतकथेत जोसेफकडे असलेला, येशूच्या शेवटच्या भोजनातला पवित्र प्याला चित्रात नाही, हेही त्याच्याशी जुळतं.

मजकुरात हे कलावंत मेंढ्या-बकऱ्यांची कातडी पांघरून भटकतात; ही कातडी बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातून (११:३७-३८) आली आहे. ती अंगावर शोधत बसू नका. कपडे आधीच कोरलेले होते.

सर्रास होणारी चूक म्हणजे मजकुरात १७७३ साल वाचून सगळाच अर्थ त्या वर्षाचा धरणं. अ‍ॅल्बियन हे ब्रिटनचं जुनं नाव. ब्लेकच्या पुढच्या काव्यांत तोच निद्रिस्त आदिपुरुष होतो. हा दुसरा अर्थ उमेदवार पोराच्या चित्रावर लादू नका.

अंधाराचा अर्थ लावताना निदान दोन प्रती ताडून पाहा. शाई जास्त राहिली तरी खडक काळे दिसतात. भिंगातून रेघा मोजा: दुसऱ्या अवस्थेत वाढलेल्या रेघा हाच ब्लेकचा हेतू, बाकीचा काळेपणा छपाईचा.