सिस्टिमच्या प्रतीला हात न लावता : पायथन बिल्डची पूर्वतयारी

सेंटओएस 7 या लिनक्स प्रणालीवर पायथन 3.10 किंवा त्यापुढची आवृत्ती सोर्समधून बांधायची असेल, तर सिस्टिमसोबत येणारी ओपनएसएसएल 1.0.2 (सुरक्षित जोडणीसाठीची लायब्ररी) अपुरी पडते. किमान 1.1.1 लागते, आणि तिचीही सार्वजनिक देखभाल 11 सप्टेंबर 2023 रोजी थांबल्यामुळे तिसऱ्या मालिकेतील आवृत्ती घेणेच योग्य. मात्र सिस्टिमची प्रत काढून तिच्या जागी नवी बसवण्याचा मोह टाळावा. एसएसएच सेवा त्याच प्रतीवर चालते आणि दूरच्या सर्व्हरवर आत शिरण्याची वाट बहुधा तेवढीच असते.

कंपायलरबरोबर पर्ल ही भाषा आणि तिचे आयपीसी-सीएमडी मॉड्यूल आधीच बसवून घ्यावे, नाहीतर ओपनएसएसएलचे कॉन्फिगर (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) पहिल्याच पायरीवर अडते. नवी प्रत ऑप्ट या फोल्डराखालील स्वतंत्र फोल्डरमध्ये जावी यासाठी प्रीफिक्स (बसवण्याची जागा) आणि ओपनएसएसएलडिर (सेटिंग व प्रमाणपत्रांची जागा) हे दोन्ही पर्याय स्पष्ट द्यावेत. लिबडिरला (लायब्ररीच्या फाइलींचा फोल्डर) ‘लिब’ हे मूल्य देण्यास विसरू नये, कारण 64 बिट लिनक्सवर तिसरी मालिका फाइली ‘लिब64’ मध्ये ठेवते आणि पायथनचे कॉन्फिगर त्या ‘लिब’ मध्ये शोधते.

पायथनला विथ-ओपनएसएसएल या पर्यायाने नवा प्रीफिक्स दाखवला, की हेडर आणि लिंकिंग यांची सोय होते. प्रोग्रॅम चालताना लायब्ररी कुठून उचलायची हा प्रश्न वेगळाच राहतो. त्यासाठी 3.10 पासून उपलब्ध असलेला विथ-ओपनएसएसएल-आरपाथ हा पर्याय ‘ऑटो’ करावा. लायब्ररी शोधण्याचा मार्ग सांगणारे एलडी-लायब्ररी-पाथ हे पर्यावरण-चल निर्यात करूनही काम भागते, पण टर्मिनलमध्ये ठेवलेले ते मूल्य क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामापर्यंत पोहोचत नाही आणि दिवसा चाललेली स्क्रिप्ट रात्री पडते.

बिल्डनंतर एलडीडी ही, फाइल कोणत्या लायब्ररी वापरते ते दाखवणारी आज्ञा पायथनच्या मुख्य फाइलीवर चालवण्यात अर्थ नाही. ती लिब-डायनलोड फोल्डरातील एसएसएल मॉड्यूलच्या फाइलीवर चालवावी आणि लिबएसएसएलची तिसरी आवृत्ती ऑप्टखालील मार्गानेच दिसते ना, हे पाहावे. प्रमाणपत्रांचे काम इथेच उरकावे. नव्या प्रतीचा प्रमाणपत्रांचा फोल्डर रिकामा असतो. पिप हा पायथनची पॅकेजे बसवणारा प्रोग्रॅम स्वतःची प्रमाणपत्रे बरोबर बाळगत असल्याने सुरळीत चालतो, त्यामुळे उणीव लक्षात येत नाही, आणि यूआरएललिब या पायथनच्या अंगभूत मॉड्यूलने केलेली पहिलीच विनंती पडताळणीत नापास होते. सिस्टिमच्या सर्ट-पेम (प्रमाणपत्रांच्या) फाइलीचा सिमलिंक, म्हणजे तिच्याकडे नेणारा दुवा, ओपनएसएसएलडिर म्हणून दिलेल्या फोल्डरात त्याच नावाने करून ठेवावा आणि तपासणी यूआरएललिबनेच करावी.